टाइमलाइन अडली की आधी काय बघावं? व्हिडिओ एडिटिंग आणि मोशन ग्राफिक्समधली नेहमीची दुखणी

एडिटिंगचं सॉफ्टवेअर अडलं की बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. आधी सॉफ्टवेअर बंद करून चालू, मग अख्खा संगणक बंद करून चालू, आणि शेवटी 'काढून टाक, परत टाक'. या शेवटच्या पायरीत अर्धा दिवस जातो, प्लगिनचे परवाने पुन्हा भरत बसावं लागतं आणि दुखणं बऱ्याचदा जागच्या जागी राहतं. कारण ते सॉफ्टवेअरमध्ये नसतंच. ते फुटेजच्या जातीत असतं, फोल्डरच्या पत्त्यात असतं, एखाद्या क्लिपवरच्या इफेक्टमध्ये असतं, नाहीतर काठोकाठ भरलेल्या सी ड्राइव्हमध्ये असतं.

खालचं सगळं प्रीमियर प्रो, आफ्टर इफेक्ट्स आणि दा विंची रिझॉल्व्ह या तिघांना धरून आहे (पहिलं आणि तिसरं एडिटिंगचं सॉफ्टवेअर, मधलं मोशन ग्राफिक्सचं, म्हणजे हलत्या अक्षरा-चित्रांचं). मेनूंची नावं आवृत्तीप्रमाणे थोडी इकडेतिकडे होतात, मॅकवर 'प्रेफरन्सेस' वेगळ्या जागी असतं. तेवढं सांभाळून घ्या.

## आधी दोष कुठे आहे ते शोधा

उपाय करायच्या आधी पाचेक मिनिटं तपासाला द्या. क्रम असा ठेवा:

१. प्रोजेक्ट 'सेव्ह ॲज' करून नव्या नावाने ठेवा. पुढचे सगळे प्रयोग या प्रतीवर करायचे, मूळ फाइलला हात लावायचा नाही.

२. एरर मेसेज आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट घ्या. 'काहीतरी एरर येतोय' या वाक्यावर कुणीच मदत करू शकत नाही. मेसेजमधला कोड आणि टाइमकोड हेच कामाचे असतात.

३. एक नवं, कोरं प्रोजेक्ट उघडा आणि ज्या क्लिपवर त्रास होतोय ती एकटीच त्यात टाका. इथेही अडली, तर दोष क्लिपमध्ये किंवा यंत्रात. सुरळीत चालली, तर जुन्या प्रोजेक्टमधल्या इफेक्टवर, प्लगिनवर किंवा सेटिंगवर संशय घ्या.

४. त्याच कोऱ्या प्रोजेक्टमध्ये दुसऱ्या कॅमेऱ्याची किंवा जुन्या कामातली, पूर्वी नीट चाललेली क्लिप टाका. तीही अडत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर, डिस्क आणि रॅमकडे वळा.

५. दोष टाइमलाइनमध्येच आहे असं दिसलं तर सिक्वेन्सची (म्हणजे त्या अख्ख्या टाइमलाइनची) प्रत काढून अर्धा भाग उडवा. त्रास थांबला तर गुन्हेगार उडवलेल्या अर्ध्यात होता. मग त्या अर्ध्याचे पुन्हा दोन भाग करा. तासाभराची टाइमलाइन असली तरी चार-पाच फेऱ्यांत तुम्ही नेमक्या तीन-चार मिनिटांच्या तुकड्यावर येता.

हे कंटाळवाणं वाटतं, पण यूट्यूबवर सापडलेला प्रत्येक उपाय एकामागोमाग मारत सुटण्यापेक्षा यात वेळ कमी जातो. आणि नंतर नेमकं कशाने बरं झालं तेही कळतं.

## प्लेबॅक अडखळतो

सगळ्यात जास्त तक्रार हीच, आणि 'रॅम वाढवा' हा सगळ्यात जास्त दिला जाणारा सल्ला. बऱ्याचदा रॅमचा यात काही दोष नसतो.

एच.२६४ आणि एच.२६५ हे कोडेक (व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धती) फाइल लहान ठेवण्यासाठी बनले, एडिटिंगसाठी नाही. त्यांत प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मध्येमध्ये एखादी पूर्ण फ्रेम असते आणि बाकीच्यांत फक्त आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदललं तेवढंच. त्यामुळे तुम्ही प्लेहेड मध्येच कुठेतरी टाकला की ती एक फ्रेम दाखवण्यासाठी सॉफ्टवेअरला मागच्या पूर्ण फ्रेमपर्यंत जाऊन हिशोब करत पुढे यावं लागतं. चिपमध्ये या कामाची वेगळी सोय असेल तर हे सहज होतं, नसेल तर प्रोसेसर धापा टाकतो.

ही सोय सगळ्या प्रकारच्या फुटेजला नसते, आणि खरी गोम इथे आहे. फोनमधलं साधं ८-बिट ४:२:० फुटेज (बिट म्हणजे रंगाच्या छटा किती बारीक, ४:२:० किंवा ४:२:२ म्हणजे रंगाची माहिती किती साठवली) जवळपास कुठलंही बऱ्यापैकी यंत्र ओढतं. पण सोनीच्या ए७ फोरसारख्या कॅमेऱ्यातलं १०-बिट ४:२:२ फुटेज आलं की महागडं ग्राफिक्स कार्ड असूनही टाइमलाइन रखडते. एनव्हिडियाच्या ५० मालिकेच्या आधीच्या आरटीएक्स कार्डांत ४:२:२ डीकोड करायची सोयच नव्हती. एच.२६५ मधलं १०-बिट ४:२:२ इंटेलची अंगभूत ग्राफिक्स चिप ११व्या पिढीपासून उलगडते, पण प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर ती चिपच त्यात नसते. संगणक जुळवताना 'एफ' घेऊन हजार-दोन हजार रुपये वाचवणाऱ्या एडिटरला हे नंतर कळतं. मोफत रिझॉल्व्हमध्ये विंडोजवर अशा क्लिपचा कित्येकदा फक्त आवाज येतो आणि चित्र काळं राहतं. तिथे पैसे भरून स्टुडिओ आवृत्ती घ्या किंवा क्लिप रूपांतरित करा.

तुमचं फुटेज कोणत्या जातीचं आहे हे पाहायला मीडियाइन्फो हे छोटं मोफत साधन पुरतं. त्यात कोडेक, बिट डेप्थ, क्रोमा आणि फ्रेम रेट एका नजरेत दिसतं. ते कळल्यावर उपाय दोन.

पहिला, प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरती वापरायची हलकी प्रत. प्रीमियरमध्ये क्लिप निवडून राइट-क्लिक, 'प्रॉक्सी', मग 'क्रिएट प्रॉक्सीज'. कोडेक प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी निवडा (हे एडिटिंगसाठीच बनलेले आहेत), प्रॉक्सीसुद्धा एच.२६४ मध्ये केली तर मूळ दुखणं थोडं हलकं होतं एवढंच. मीडिया एन्कोडर मागे काम करत राहतो. तयार झाल्यावर प्रोग्राम मॉनिटरखालच्या 'टॉगल प्रॉक्सीज' बटणाने अदलाबदल करा. एक्सपोर्ट मूळ फुटेजमधूनच होतं, त्यामुळे दर्जाची काळजी नको. रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमध्ये राइट-क्लिक केलं की प्रॉक्सी आणि 'ऑप्टिमाइज्ड मीडिया' असे दोन्ही पर्याय मिळतात.

दुसरा, सगळं फुटेज आधीच प्रोरेस ४२२ मध्ये बदलून घेणं. काम लोण्यासारखं होतं, पण जागेचा हिशोब आधी करा. १०८० पी, २९.९७ फ्रेमला प्रोरेस ४२२ चा वेग सेकंदाला सुमारे १४७ मेगाबिट असतो, म्हणजे एका तासाला साधारण ६६ जीबी. प्रोरेस प्रॉक्सी तेवढ्याच तासाला २० जीबीत भागते. तीन कॅमेऱ्यांनी दिवसभर शूट केलेल्या लग्नाला पहिला हिशोब परवडत नाही, म्हणून प्रॉक्सीच बरी.

प्रॉक्सीवर जाण्यापूर्वी तीन गोष्टी तपासा. प्रीमियरच्या 'प्रोजेक्ट सेटिंग्ज', 'जनरल' मध्ये रेंडरर 'सॉफ्टवेअर ओन्ली' वर (म्हणजे ग्राफिक्स कार्ड न वापरता) तर गेलेला नाही ना? ड्रायव्हर बिघडला की तो आपोआप तिकडे जातो. लॅपटॉप असेल तर चार्जर लावलाय का, आणि विंडोजच्या 'डिस्प्ले', 'ग्राफिक्स' सेटिंगमध्ये तुमच्या सॉफ्टवेअरला 'हाय परफॉर्मन्स' दिलंय का? नाहीतर सगळं ओझं अंगभूत चिपवर पडतं आणि मोठं कार्ड झोपलेलं राहतं. तिसरं, फुटेज थेट पेनड्राइव्हवरून किंवा कार्डरीडरमधून चालवत नाही ना? हे अजूनही सर्रास होतं.

एनव्हिडियाचे ड्रायव्हर दोन प्रकारचे येतात. गेम रेडी नव्हे, स्टुडिओ ड्रायव्हर घ्या.

## आवाज आणि ओठ जुळत नाहीत

इथे एकच प्रश्न विचारायचा: फरक सुरुवातीपासून सारखाच आहे, की पुढे पुढे वाढत जातो?

सारखाच असेल तर सोपं आहे. ट्रॅक अनलिंक करून आवाज चार-सहा फ्रेम सरकवा, काम संपलं.

वाढत जाणारा असेल तर पहिला संशय व्हेरिएबल फ्रेम रेटवर. फोन आणि स्क्रीन रेकॉर्डर ठरावीक वेगाने फ्रेम टिपत नाहीत. प्रकाश कमी झाला किंवा फोन तापला की वेग कमी-जास्त होतो. मीडियाइन्फोमध्ये 'फ्रेम रेट मोड' पुढे 'व्हेरिएबल' दिसलं की खात्री झाली. प्रीमियर हल्ली असं फुटेज सांभाळून घेतं, पण तासाभराचं भाषण किंवा कीर्तन फोनवर शूट झालं असेल तर त्याच्या भरवशावर राहू नका. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या मोफत साधनात फाइल उघडा, 'व्हिडिओ' टॅबमध्ये फ्रेमरेट मूळ फुटेजच्या जवळचा आकडा ठेवा (२५ किंवा ३०), 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' निवडा, क्वालिटीचा आकडा १६ ते १८ च्या आसपास ठेवा आणि नवी फाइल बनवा. हे एडिट सुरू करण्याआधी करायचं. अर्धी टाइमलाइन कापून झाल्यावर फाइल बदलली की प्रत्येक कट तपासावा लागतो.

दुसरी शक्यता, फ्रेम रेटचा चुकीचा अर्थ. २९.९७ च्या क्लिपला कुणी 'इंटरप्रेट फुटेज' मध्ये ३० करून ठेवलं आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असेल, तर तासाभरात साडेतीन सेकंदांहून जास्त तफावत पडते. तिसरी शक्यता कॅमेरा आणि वेगळ्या रेकॉर्डरच्या घड्याळांतला किरकोळ फरक. त्याने तासाला काही फ्रेमच सुटतात. जुळवणीसाठी शूटच्या सुरुवातीला वाजवतात तशी एक टाळी शेवटीही वाजवून घेतलेली असेल तर 'रेट स्ट्रेच टूल'ने आवाज त्या टाळीपर्यंत ताणा. नसेल तर भाषणातल्या विरामांवर आवाज कापून थोडा थोडा सरकवत जा.

व्हॉट्सॲपवरून आलेलं फुटेज हा वेगळाच विषय. ते दाबून बारीक झालेलं असतं आणि कुठलंही सॉफ्टवेअर त्याला सुधारू शकत नाही. समोरच्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

## मीडिया ऑफलाइन

लाल पाटी दिसली की घाबरायचं कारण नाही. फुटेज बहुतेक वेळा जागेवर असतं, पत्ता बदललेला असतो. बाहेरची हार्ड डिस्क दुसऱ्या पोर्टला लावल्यावर विंडोजने तिला 'ई' ऐवजी 'एफ' अक्षर दिलं, एवढंच कारण पुरतं. अशा वेळी क्लिपमागून क्लिप शोधण्यापेक्षा विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट' मध्ये जाऊन जुनं अक्षर परत द्या, प्रोजेक्ट आपोआप ताळ्यावर येतं.

पत्ता खरोखर बदलला असेल तर प्रीमियरमध्ये 'लिंक मीडिया', त्यात 'रीलिंक अदर्स ऑटोमॅटिकली' वर टिक ठेवून एक फाइल दाखवा. फोल्डरांची रचना तीच असेल तर बाकीच्या तो स्वतः शोधतो. फाइलचा प्रकार बदलला असेल, म्हणजे एमओव्हीची एमपी४ केली असेल, तर 'फाइल एक्स्टेन्शन' ची टिक काढा.

एक सापळा मात्र ओळखून ठेवा. बरेच कॅमेरे प्रत्येक नव्या कार्डवर क्लिपची नावं सी०००१ पासून सुरू करतात. हळदीच्या कार्डवरही सी०००१ आणि रिसेप्शनच्या कार्डवरही सी०००१. रीलिंक करताना सॉफ्टवेअर बिनदिक्कत चुकीची क्लिप जोडतं आणि मंगलाष्टकांच्या जागी जेवणाची पंगत येते. म्हणून प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर हवा, नावात तारीख आणि कॅमेरा हवा, आणि कॉपी करताना आतले फक्त व्हिडिओ न उचलता कार्डावरची अख्खी फोल्डर-रचना घ्यावी. काम दुसऱ्या यंत्रावर न्यायचं असेल तर हाताने गोळा करू नका: प्रीमियरमध्ये 'प्रोजेक्ट मॅनेजर' आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये 'फाइल', 'डिपेन्डन्सीज', 'कलेक्ट फाइल्स' हे काम करतात.

फुटेज वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असेल तर तपासा की ते खरंच डिस्कवर उतरलंय का. ढगाचं चिन्ह दिसत असेल तर ती नुसती पाटी आहे, फाइल इंटरनेटवर आहे.

## मराठी अक्षरं फुटतात

परदेशी मार्गदर्शनांत हे सापडत नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

तुटण्याचे प्रकार दोन, आणि दोघांची कारणं अगदी वेगळी. पहिल्यात अक्षरं ओळखू येतात पण जागा चुकतात: 'कि' मधली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन पडते, रफार डोक्यावर चढत नाही, जोडाक्षर हलन्त दाखवून सुटं राहतं. याचा अर्थ मजकूर युनिकोडमध्ये बरोबर आहे, पण सॉफ्टवेअर तो लॅटिन नियमांनी मांडतंय. प्रीमियरमध्ये 'एडिट', 'प्रेफरन्सेस', 'ग्राफिक्स' इथे 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' निवडा. आफ्टर इफेक्ट्समध्ये 'प्रेफरन्सेस', 'टाइप', तिथे टेक्स्ट इंजिनला हाच पर्याय. सॉफ्टवेअर बंद करून उघडा आणि जुन्या लेयरवर फरक दिसला नाही तर नवी टेक्स्ट लेयर घेऊन मजकूर परत चिकटवा. तपासायला हे शब्द टाइप करा: 'दुसऱ्या', 'कीर्ती', 'विठ्ठल', 'ॲप', 'स्त्रियांच्या'. पाचही नीट उमटले तर इंजिन आणि फॉन्ट दोघेही चांगले. 'दुसऱ्या' मधला अर्धचंद्री र हीच खरी परीक्षा. निव्वळ हिंदी डोळ्यांपुढे ठेवून केलेले काही फॉन्ट तिथेच अडखळतात. रिझॉल्व्हमध्ये साधं 'टेक्स्ट' आणि 'टेक्स्ट प्लस' असे दोन टायटल आहेत. एकात फुटलं तर दुसऱ्यात पाहा.

दुसऱ्या प्रकारात मराठीचा मागमूस नसतो, सगळी रोमन अक्षरं आणि कंस-चिन्हं दिसतात. हा मजकूर श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला आहे. त्या फॉन्टांत आत साठवलेलं अक्षर रोमनच असतं, फक्त त्याचं चित्र देवनागरी असतं. फॉन्ट बदलला की सोंग उतरतं. उपाय म्हणजे युनिकोड कन्व्हर्टरमधून मजकूर काढणं. कन्व्हर्टरवर डोळे झाकून विसंबू नका. रफार, ऱ्ह-ऱ्य, ॲ आणि अवतरणचिन्हं हमखास चुकतात, तेवढी वाचून काढा. पत्रिकेच्या किंवा छापखान्याच्या फाइलमधून मजकूर येतो तेव्हा नव्याने टाइप करणंच कित्येकदा लवकर होतं. फॉन्ट म्हणून मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू, किंवा नोटो सान्स देवनागरी वापरा. तिघेही मोफत आणि युनिकोड आहेत.

सबटायटलची गोष्ट जवळचीच. एसआरटी फाइलमध्ये मराठीच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हं दिसली तर कुणीतरी ती एएनएसआयमध्ये (मराठी न मावणाऱ्या जुन्या एन्कोडिंगमध्ये) सेव्ह केली आणि मजकूर कायमचा गेला. मूळ फाइल मागा. प्रश्नचिन्हांऐवजी टिंबं-टोप्या असलेली विचित्र रोमन अक्षरं दिसली तर मजकूर शाबूत असतो, फक्त वाचताना एन्कोडिंग चुकलंय. नोटपॅडमध्ये उघडून 'सेव्ह ॲज' मध्ये यूटीएफ-८ निवडा.

आता ॲनिमेशन. आफ्टर इफेक्ट्सचा 'टाइपरायटर' किंवा कुठलाही अक्षरागणिक प्रीसेट देवनागरीवर लावला की मात्रा एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे अशी पळापळ होऊ शकते. 'रेंज सिलेक्टर', 'ॲडव्हान्स्ड', 'बेस्ड ऑन' इथे 'कॅरेक्टर्स' ऐवजी 'वर्ड्स' करा. अक्षरागणिकच हवं असेल तर प्रत्येक अक्षर वेगळ्या लेयरवर ठेवण्याला पर्याय नाही, किंवा सरळ डावीकडून उजवीकडे मास्क उघडा. शिरोरेघेमुळे तो परिणाम देवनागरीला जास्त शोभतो असं माझं मत आहे. 'ट्रॅकिंग' शून्यावरच ठेवा, वाढवलं की शिरोरेघ तुटते.

अक्षरांना बाहेरून जाड स्ट्रोक दिला की शिरोरेघेच्या प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते, ही तक्रार नेहमीची. अक्षरांच्या आकृत्या तिथे एकमेकींवर चढलेल्या असतात आणि प्रत्येकीचा स्ट्रोक वेगळा निघतो. कॅरेक्टर पॅनलमध्ये 'ऑल फिल्स ओव्हर ऑल स्ट्रोक्स' निवडा. त्यानेही नाही जमलं तर कॅरेक्टर पॅनलमधला स्ट्रोक काढून 'लेयर स्टाइल्स' मधला 'स्ट्रोक' लावा. तो पूर्ण शब्दाच्या बाह्यरेषेवर चालतो, सांधे त्याला दिसतच नाहीत.

## आफ्टर इफेक्ट्सची खास दुखणी

प्रिव्ह्यू हलत नाही, चित्र बदलत नाही, सगळं गोठलंय? कॅप्स लॉक बघा. तो चालू असला की आफ्टर इफेक्ट्स चित्र ताजं करणं मुद्दाम थांबवतं आणि खाली तसा मेसेजही देतं, जो कुणी वाचत नाही.

प्रिव्ह्यू संथ आहे ही तक्रार मात्र अर्धी गैरसमजातून येते. आफ्टर इफेक्ट्स प्रीमियरसारखं लगेच चालत नाही. आधी फ्रेमा मोजून रॅममध्ये ठेवतं, मग चालवतं. टाइमलाइनवरची हिरवी पट्टी म्हणजे रॅममध्ये तयार, निळी म्हणजे डिस्कवर. पट्टी थोड्याच सेकंदांवर थांबून पुढे सरकत नसेल तर रॅम भरली. 'मेमरी अँड परफॉर्मन्स' मध्ये इतर सॉफ्टवेअरसाठी राखलेली रॅम कमी करा, शेजारी उघडलेलं प्रीमियर आणि क्रोमचे टॅब बंद करा, रिझोल्यूशन 'हाफ' करा. २०२२ च्या आवृत्तीपासून अनेक फ्रेमा एकाच वेळी मोजणारं मल्टी-फ्रेम रेंडरिंग आहे. ते प्रोसेसरचे सगळे कोर वापरतं, पण रॅमही तेवढीच खातं. १६ जीबीवर काही प्रोजेक्ट ते बंद ठेवल्यावरच पूर्ण होतात.

जुने बदल दिसत राहतात किंवा फ्रेम चुकीची दिसते, तेव्हा 'एडिट', 'पर्ज', 'ऑल मेमरी अँड डिस्क कॅश'. डिस्क कॅशला वेगळी एसएसडी द्या, फुटेजच्या डिस्कवर ठेवू नका.

विकत किंवा मोफत घेतलेलं टेम्प्लेट उघडताच एक्स्प्रेशन (लेयर हलवणारा छोटा कोड) एररची पट्टी आली, तर 'प्रोजेक्ट सेटिंग्ज', 'एक्स्प्रेशन्स' मध्ये इंजिन बदलून पाहा. जुनी टेम्प्लेटं 'लेगसी एक्स्टेंडस्क्रिप्ट'वर लिहिलेली असतात आणि नव्या 'जावास्क्रिप्ट' इंजिनवर काही ओळी मोडतात. इंजिन बदलूनही राहिलं तर बहुधा कुणीतरी लेयरचं नाव मराठीत बदललंय आणि एक्स्प्रेशन जुनं नाव शोधतंय.

आणखी दोन गोष्टी झटपट. इलस्ट्रेटरमधून आलेला लोगो मोठा केल्यावर धूसर होतो: लेयरसमोरचं सूर्यासारखं 'कंटिन्युअसली रॅस्टराइझ' चिन्ह चालू करा. ग्रेडियंटवर पट्टे दिसतात: प्रोजेक्ट पॅनलखालच्या '८ बीपीसी' वर ऑल्ट धरून क्लिक करा, १६ होईल.

ग्राफिक्स पारदर्शक पार्श्वभूमीसह द्यायचं असेल तर एच.२६४ विसरा, त्यात अल्फा (पारदर्शकतेची माहिती) बसतच नाही. प्रोरेस ४४४४, चॅनल 'आरजीबी प्लस अल्फा'. प्रीमियरमध्ये आल्यावर कडांना काळी झालर दिसली तर अल्फाचा अर्थ चुकलाय. 'इंटरप्रेट फुटेज' मध्ये स्ट्रेट आणि प्रीमल्टिप्लाइड यांची अदलाबदल करा.

## एक्सपोर्ट मध्येच बंद पडतो

प्रीमियरचा 'एरर कम्पायलिंग मूव्ही' हा मेसेज दिसतो भयानक, पण तो बहुतेक वेळा टाइमकोड देतो. त्या जागी जा, चार-पाच सेकंद मागे-पुढे काय आहे ते पाहा: एखादा बाहेरचा प्लगिन, वॉर्प स्टॅबिलायझर (हलणारं चित्र स्थिर करणारा इफेक्ट), सहा-सात हजार पिक्सेलचा फोटो किंवा मुळातच खराब झालेली क्लिप. इन-आउट लावून तेवढाच तुकडा एक्सपोर्ट करा. तोही पडला तर इफेक्ट एकेक बंद करत जा. क्लिपच खराब असेल तर तिला 'रेंडर अँड रिप्लेस' करा.

टाइमकोड प्रत्येक वेळी वेगळा येत असेल तर दोष जागेत नाही, यंत्रात आहे. एक्सपोर्टच्या सेटिंगमध्ये एन्कोडिंग 'हार्डवेअर' वरून 'सॉफ्टवेअर' करा. तरी पडलं तर प्रोजेक्टचा रेंडरर तात्पुरता 'सॉफ्टवेअर ओन्ली' करून पाहा; वेळ लागेल पण फाइल हातात येईल, आणि ग्राफिक्स कार्ड किंवा ड्रायव्हर दोषी हेही सिद्ध होईल. रिझॉल्व्हमध्ये 'जीपीयू मेमरी फुल' आलं तर नॉइज रिडक्शन असलेल्या क्लिप आधी रेंडर कॅशमध्ये टाका किंवा टाइमलाइन ४के वरून १०८० पी करा.

एक्सपोर्ट नेमका ४ जीबीवर थांबतो? डिस्क किंवा पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला आहे. त्यात त्याहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट करा. फॉरमॅट करताना आतला डेटा जातो, हे लक्षात असू द्या.

रात्रभर चालणारं मोशन ग्राफिक्स रेंडर कधीही थेट एका व्हिडिओ फाइलमध्ये टाकू नका. वीज गेली की सगळं पहिल्यापासून. पीएनजी किंवा टिफ सिक्वेन्समध्ये (प्रत्येक फ्रेमची वेगळी चित्रफाइल) काढा आणि रेंडर सेटिंगमध्ये 'स्किप एक्झिस्टिंग फाइल्स' लावा. वीज परत आल्यावर जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू होतं. अर्धवट उमटलेली शेवटची फ्रेम तेवढी आधी काढून टाका.

## रंग बदललेला दिसतो

आयफोन १२ पासूनचे फोन एचडीआरमध्ये शूट करतात. ते साध्या रेक.७०९ (नेहमीच्या, एचडीआर नसलेल्या रंगांच्या) टाइमलाइनवर टाकलं की चेहरे पांढरेफटक दिसतात. प्रीमियरच्या ल्युमेट्रीच्या 'सेटिंग्ज' टॅबमध्ये 'ऑटो टोन मॅप मीडिया' चालू करा, आणि पुढच्या वेळी फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये 'एचडीआर व्हिडिओ' बंद करायला सांगा. एक्सपोर्ट केलेली फाइल मॅकच्या क्विकटाइममध्ये फिकट दिसते ती बहुतेक वेळा फाइलची चूक नसते, क्विकटाइम गॅमा (उजळपणाचं गणित) वेगळा लावतो. ग्राहकाला दाखवण्यापूर्वी यूट्यूबवर अनलिस्टेड चढवून फोनवर पाहा.

ट्यूबलाइटखालच्या फुटेजमध्ये चालणारे काळे पट्टे ही तक्रारही एडिटरकडेच येते. आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्याचा शटर १/६० ठेवला की पट्टे येणारच. १/५० किंवा १/१०० ठेवायला हवा होता, ते कॅमेरामनला सांगा.

## प्रोजेक्टच उघडत नाही

क्रमाने करा. प्रीमियर चालू करताना ऑल्ट, आफ्टर इफेक्ट्सला कंट्रोल, ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबून धरा आणि प्रेफरन्सेस रीसेट करा. कीबोर्ड शॉर्टकट आधी एक्सपोर्ट करून ठेवलेले बरे. 'प्रेफरन्सेस', 'मीडिया कॅश' मधून कॅश पुसा, तो पुन्हा बनतो, फुटेजला धक्का लागत नाही. तरी उघडत नसेल तर कोरं प्रोजेक्ट उघडून जुनं त्यात 'इम्पोर्ट' करा, एकेक सिक्वेन्स आणत जा. ज्या सिक्वेन्सला यंत्र लटकेल तो दोषी. शेवटी प्रोजेक्टशेजारचा ऑटो-सेव्हचा फोल्डर आहेच. रिझॉल्व्हमध्ये 'लाइव्ह सेव्ह' आणि 'प्रोजेक्ट बॅकअप्स' हे दोन्ही 'प्रोजेक्ट सेव्ह अँड लोड' मध्ये चालू आहेत की नाही ते आजच बघून ठेवा.

एवढं करूनही राहिलं तर मग अनइन्स्टॉल. तेव्हाही जुनीच आवृत्ती परत टाका, नवी नको. नव्या प्रीमियरमध्ये एकदा उघडून सेव्ह झालेलं प्रोजेक्ट जुन्यात उघडत नाही, आणि तुमच्याबरोबर त्याच कामावर असलेला दुसरा एडिटर अजून जुन्या आवृत्तीवर असतो.